जोडीतला दुसरा कण

८ ऑक्टोबर १९५६, ग्वाल्हेर

पोहोचलो बाई एकदाचे, मी आणि धाकटी बहीण मधु, सांगलीहून. दाल बाजारामागे दोन खोल्या मिळाल्यात. दिवसभर हिंगाचा वास. घरमालकीण शांताताई मराठीच, पण ‘काय करून राहिल्या?’ असं विचारतात. मधु तोंडात पदर कोंबून हसते. सोमवारपासून तिचं कॉलेज.

११ ऑक्टोबर

प्रयोगशाळेतलं काम मजेचं आहे. फोटोचं रसायन लावून, फुग्याला बांधून आभाळात धाडलेल्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. वरून आलेला कण आत अणुकेंद्रावर आदळला, की काळ्या रेघांची चांदणी उमटते. तिच्यातून क्वचित एखादा विचित्र कण निघतो. थोडा चालतो, थांबतो आणि फुटतो. आमचे साहेब मुकुंदराव म्हणतात, हे कण जोडीनंच जन्मतात. आणि नियम असा, की दोघांनी वेगवेगळं बघायचं. दोघांना दिसलं तरच खरं. दुसऱ्या बघणाऱ्या सुधाताई आजारी आहेत.

१८ ऑक्टोबर

सापडला! पण एकटाच, जोडीदार दिसत नाही. एक तारखेला मध्यभारत राज्य संपतंय, खातं भोपाळला जाणार. साहेब म्हणाले, जोडी दाखवा, नोकरी पक्की करतो. नाहीतर सांगलीला परत, आणि मधुचं शिक्षण बोंबललं.

२१ ऑक्टोबर, रविवार

दुसरी नजर हवी म्हणून मधुलाच नेलं. साहेबांना विचारलं नाही. तिला दोन रेघा दिसल्या, माझी आणि तिच्या जोडीची. पोर गुणाची आहे.

२४ ऑक्टोबर

माझ्या उजव्या डोळ्यात बारीक रेघ. मिटला तरी दिसते. मधुच्याही डाव्या डोळ्यात आहे म्हणे. शांताताईंनी दोघींना गुलाबपाणी घातलं.

२६ ऑक्टोबर

रेघ वाढतेय. काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावून पाहिली. चांदणी आहे. त्या दोन रेघा नाहीत. काच तिथे कोरी.

२७ ऑक्टोबर

गावापलीकडे मुरारला सुधाताईंकडे गेले. त्यांचा एक डोळा गेलाय. त्यांच्याबरोबर पट्टी बघणाऱ्या इंदुताई वारल्या. इंदुताईंची रेघ डोळ्यात थांबली नाही, म्हणाल्या, आत डोक्यात गेली. मग मला विचारलं, दुसरं कुणी बघितलं. मी सांगितलं नाही. लाज वाटली.

२९ ऑक्टोबर

माझी रेघ थांबली. फुटली. उजवीकडे अंधार — चालेल. एक डोळा चालेल.

३० ऑक्टोबर

मधुला रेघ दिसत नाही आता. कानामागे काही सरकतंय म्हणते. मीच नेलं तिला. मीच —

३१

सकाळ. मधु चहा टाकतेय. आतून सांगतेय, ताई, बरं वाटतंय, सरकायचं थांबलं. थांबतो आणि फुटतो — मधु —