गुंडाळलेली शिंगं

जबलपूर, मंगळवार संध्याकाळ

मंजूने, माझ्या धाकट्या बहिणीने, तिच्या अभ्यासासाठी समुद्रातल्या डेव्हिल रे माशांचे फोटो वेगळे करायला पाठवले होते. दोन जाती, दिसायला सारख्याच. एकीची शिंगं, म्हणजे डोक्यापुढचे मऊ पर, लांब, दुसरीची आखूड. शंका आली तर विचार, म्हणाली होती.

मी पनागरचा मटर सोलता सोलता उरकून टाकलं. पोहताना हा मासा शिंगं गुंडाळून घेतो, हे कुठं माहीत होतं? गुंडाळलेली सगळी आखूडमध्ये टाकली.

आज तिच्या सरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. फोनवर म्हणते, "मीच चुकले असं सांगितलं, ताई. तू काहून रडून राहिली?"

गुंडाळलेली शिंगं! शंका आली होती मला. आलीच होती. पण धाकटीला काय विचारायचं?