दिवेलागणीची एक रिंग

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घेतला बाई एकदाचा नवा फोन! हौस म्हणून नाही. कॉलेजच्या ऑफिसचं नवं अ‍ॅप जुन्या फोनवर चालेना. 'तुमचे डिव्हाइस सुसंगत नाही' असं लाल अक्षरात यायचं. सोळा वर्षं क्लार्की केली, मी सुसंगत आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. फोनचं मात्र विचारतात.

फाइव्ह-जी म्हणे. बसस्टँडपाशी उभी राहिले की ती अक्षरं दिसतात, घरी आले की जातात. घरी बोलायचं तर गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीला टेकायचं आणि ओरडायचं. दांड्या चारच्या चार, आवाज मात्र गायब. खोल्या करून राहणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांच्या घरच्या गोष्टी त्या टाकीला पाठ झाल्या असतील.

आणि त्यात ते कॉल. लोन चाहिये क्या मॅडम, प्लॉट देखिये मॅडम! दिवसात दहा-दहा. शेजारच्या टेबलावरची सपना म्हणाली, द्या इकडे. सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी दाबलं. आता सेव्ह केलेलेच नंबर वाजतील, बाकीचे बाहेरच्या बाहेर. या फोनने एवढं एकच काम धड केलं.

सातला 'आई' वाजली. एकदा. मीही उलट एक रिंग दिली. झालं आजचं बोलणं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचा फोन आबांकडे असतो — बटणांचा, पाठीला रबर लावलेला. माझ्याकडे नंबर अजून 'आई' म्हणूनच आहे. बदलायला हात धजत नाही.

मी हिंगोलीला शिकायला आले तेव्हा हे तिनेच सुरू केलं. दिवेलागणीला मेंढरं जाळीत कोंडली की चढावर जायचं, नेटवर्क धरायचं, मला एक रिंग. एक म्हणजे आमचं बरं आहे. मी उलट एक द्यायची — माझंही बरं. दोन म्हणजे, तू फोन कर. उचलायचं कुणीच नाही, उचलला की पैसे गेले. आता बोलणं फुकट झालं तरी आबा उचलत नाहीत. बोलायचं काय, हे त्यांना कुठे ठाऊक आहे! मला तरी कुठे?

धाकटा भाऊ भारत गावी, हिंगोलीजवळच्या गोरेगावला, शेती बघतो. तो म्हणतो, माझी रिंग परत आल्याशिवाय आबा भाकरीला बसत नाहीत. आई असतानाही असंच होतं.

आता कंपनीचे मेसेज येताहेत. जुनं नेटवर्क पंधरा तारखेला बंद होणार, सिम बदला, फोन बदला. मेसेज इंग्रजीत, आणि आबांना मराठीही वाचता येत नाही! उद्या त्यांना बोलावून घेतलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काय मेला दिवस गेला.

आबा सकाळच्या जीपने आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी. फेब्रुवारीत घोंगडी कशाला, म्हटलं, तर हसले नुसते. दुकानात गर्दी. त्यांच्यासाठी मी टच फोन पसंत करून ठेवला होता, व्हिडिओ कॉल करता येईल म्हणून. त्यांनी बोट लावलं. काही होईना. परत लावलं. आयुष्यभर दोऱ्या आणि कातरी धरून बोटांची टोकं दगड झालीत, काचेला ती बोटंच वाटेनात. आबा बोट धोतराला पुसायचे आणि परत लावायचे. काउंटरवरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी पाहिलं ते.

मग सिम. काउंटरवरचा म्हणाला, 'सिम किसके नाम पे है?' चंद्रभागाबाईंच्या. 'तो उनको लेके आओ. फेस लगेगा.'

आबा त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, 'तिला कुठून आनू?'

मी सांगितलं, आई वारली. मग म्हणे, नवं सिम घ्या, नवा नंबर घ्या, हा आपोआप बंद होईल. आबा म्हणाले, न्हाई. नंबर हाच पायजे. तीनदा सांगितलं, तरी न्हाई. मागे रांग खोळंबलेली, कुणीतरी 'च्च' केलं. आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'आबा, आई गेली. आता तिचा नंबरही जाऊ द्या!'

त्यांनी जुना फोन उचलला. रबर नीट बसवलं. कोपरीच्या आतल्या खिशात ठेवला आणि निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. मी थांबवलं नाही.

बरोबरच बोलले मी. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

'आई' वाजली नाही. कालही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मीच लावला. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' बाईचा आवाज अगदी गोड. अस्तित्वात नाही! कशी बोलते ही. चुलीवर एक हात आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन चढाकडे पळणारी माझी आई अस्तित्वात नाही — हे मला हिने सांगायचं?

दोनदा ऐकलं ते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बढतीचं पत्र आलं. संस्थेच्या अमरावतीच्या कॉलेजात हेडक्लार्क. २ एप्रिलला हजर व्हायचं. ऑफिसात पेढे वाटले. पेढ्याचा बॉक्स घरी आणला आणि सातला फोनपुढे बसले. सवय मोडत नाही.

ठीक आहे. त्यांना रुसायचं तर रुसू दे. भारतला कळवलंय, तो सांगेल त्यांना.

२५ फेब्रुवारी, बुधवार

भारतचा फोन. टाकीला टेकून निम्मं ऐकलं, निम्मं अंदाजाने. मेंढरं आता कनेरगाव नाक्याकडे गेलीत. तिथे अमरसिंग म्हणून ढाबेवाला आहे, त्याच्या रानात बसवलीत, रानाला खत होतं. आणि — आबांनी फोन घेतला! अमरसिंगनेच घेऊन दिला, साधा, बटणांचा, नव्या नेटवर्कवर चालणारा. सिमसुद्धा नवं.

म्हणजे माझ्याकडून नको. परक्या माणसाकडून चालतो.

नंबर विचारला तर भारत म्हणे, माझ्याकडे नाही, आबांनाही पाठ नाही. आठवड्याला पीठ द्यायला मी जातोच, मला काय करायचाय नंबर? 'ताई, तुझा नंबर त्यांना पाठ हाय. देतील की मिस्कॉल.'

२८ फेब्रुवारी, शनिवार

नाही दिला.

४ मार्च, बुधवार

तरी नाही. काल लोकांनी धुळवड खेळली, मी दार लावून बसले.

फोन कसा शांत पडलाय! लोन नाही, प्लॉट नाही, बाप नाही.

७ मार्च, शनिवार

गॅसवाला दारात येऊन तणतणला. तीन खेपा मारल्या, तुमचा कॉल लागतच न्हाई, आधी नेटवर्क तरी घ्या चांगलं. मी घेऊ नेटवर्क? बाजारातून किलोभर? त्याला म्हटलं, त्या टॉवरवाल्यांना जाऊन सांगा. म्हातारा पुटपुटत गेला. बिचाऱ्यावर उगीच ओरडले. पण ओरडायला दुसरं कोण आहे इथे!

१२ मार्च, गुरुवार

भारतला विचारलं, आबा काही म्हणतात का माझ्याबद्दल. नाही म्हणाला. फक्त आजकाल जेवायला उशीर करतात. मेंढरं कोंडून कधीच झालेली असतात तरी ढाब्यामागच्या टेकाडावर बसून राहतात. 'काहून की, कोन जाने,' म्हणाला.

म्हातारपणाच्या खोडी. मी काय करू.

१६ मार्च, सोमवार

आज खरं लिहिते. कुणी वाचणार नाही.

दुकानात मला नंबरचा राग आला नव्हता. मला लाज वाटली होती. आबांची. त्या घोंगडीची, त्या बोटाची, ते धोतराला पुसून परत लावण्याची. काउंटरवरचे हसले तेव्हा मी आबांच्या बाजूची नव्हते, मी त्या हसणाऱ्यांच्या बाजूला उभी होते. ज्या बोटांनी लोकर कातरून मला शिकवलं, त्या बोटांची लाज! आणि आबांना ते कळलं असणार. मेंढरू आजारी पडायच्या आदल्या दिवशी ज्याला कळतं, त्याला लेक लाजली हे कळणार नाही?

म्हणूनच रिंग देत नाहीत. नंबरचं नुसतं निमित्त.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

आज नक्की देतील असं वाटलं होतं. आई गेली त्या वर्षीसुद्धा पाडव्याला दोन रिंगा आल्या होत्या, फोन केला तर पलीकडून काही न बोलता फक्त मेंढरांचा आवाज. मी ऐकत बसले होते तेव्हा.

आज पाचपासून गच्चीवर. सगळ्या गच्च्यांवर गुढ्या, आणि मी टाकीपाशी फोन उंच धरून! खालच्या काकूंनी विचारलं, कोणाचा येणारे? म्हटलं, ऑफिसचा.

साडेआठला खाली आले. गुढी तर सहालाच उतरवली होती. श्रीखंड तसंच ठेवलं.

संपलं. आता मीही देणार नाही, विचारणारही नाही. एवढा ताठा? तर मी त्यांचीच लेक आहे!

२६ मार्च, गुरुवार

सामान बांधायला काढलं. एक तारखेची सकाळची एसटी, वाशीममार्गे. कनेरगाव नाक्यावरून जाते. ढाबे उजव्या हाताला. मी डाव्या खिडकीचं तिकीट काढलंय.

भारत म्हणाला, उतर की, भेटून जा, नंतर दुसरी गाडी धर. मी नाही म्हटलं. ज्याला महिनाभर एक बटण दाबवलं नाही त्याच्यासाठी मी गाडी सोडू?

३० मार्च, सोमवार

भारत आला होता. पिठाची पिशवी, लोणचं, आणि ती घोंगडी. फेब्रुवारीत खांद्यावर होती तीच. म्हणे, आबांनी तुझ्यासाठीच विणून आणली होती त्या दिवशी. आता अमरावतीला थंडी पडते की नाही ठाऊक नाही पण ने. घडीसुद्धा मोडलेली नाही. तेव्हा मी विचारलं होतं, कशाला आणली. आणि ते हसले होते.

त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो खाली बघून म्हणाला, 'ताई, एक विचारू? तू आबाला काहून कट करून राहिली?'

मी म्हटलं, काय कट?

'रोज रिंग देतेत ते. तू कट करती म्हने. अर्धी वाजती न् तुटती. मला आत्ता सांगितलं, कालच्याला. पोरगी चिडलीय, बराबर हाय, म्हनले.'

मी भांडलेच त्याच्याशी. एक रिंग आली नाही मला! एक! सगळा कॉल-लॉग दाखवला. खोटं बोलायला लागले का आबा या वयात? भारत म्हणाला, तुमी बापलेक बघून घ्या, आणि गेला.

खोटं कधी बोलले नाहीत ते. मेंढरं विकतानासुद्धा दोष आधी सांगतात.

३१ मार्च, मंगळवार

ऑफिसात शेवटचा दिवस. सपनाला विचारलं, आलेला फोन मला न दिसता कट होऊ शकतो का? ती म्हणाली, ताई, ते आपणच नाही का लावलं होतं!

अडवलेल्यांची वेगळी यादी असते. मला माहीतच नव्हतं. लोनवाले, प्लॉटवाले, गॅसवाला — आणि त्यांच्या मधे मधे एकच नंबर. २२ फेब्रुवारीपासून रोज. सातच्या सुमारास. एक दिवस चुकलेला नाही. पाडव्याला दोनदा.

'आबा' म्हणून सेव्ह केला. सात वाजेपर्यंत थांबवलं नाही, सहालाच चढले गच्चीवर. एक रिंग दिली आणि कट केला.

उलट आली. एकच.

उद्या नाक्यावर उतरणार. आता बसले असतील भाकरीला.