दादाच्या जनुकातला नवा बदल

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोकला किरकोळ आहे, काळजी नको.

काल आमच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या चित्रांसाठी मीच यंत्रात झोपले. ऑटिझम असलेल्यांची भावंडंही अभ्यासाला लागतात. आत डोळे मिटले आणि त्या घुमणाऱ्या आवाजात वाटलं, दादाच उशाशी बसून गुणगुणतोय. पाऊण तास नुसती तरंगत होते. शेवटी तंत्रज्ञबाई म्हणाल्या, "अहो, झालं! झोपलात की काय?"

मग डॉक्टरांनी बोलावलं. तुम्ही तिघांनी पाठवलेल्या लाळेच्या नमुन्यांचा निकाल आला होता. दादाच्या एका जनुकात त्याच्या ऑटिझममागचा बदल सापडलाय. तो तुझ्यात नाही, बाबांतही नाही. दादाबरोबरच नव्याने आलेला.

मी विचारलं, "आईच्या हातून काही झालं असेल?"

"छे हो! कुणी काही केल्याने असा बदल होत नाही."

पोटुशी असताना शिवणयंत्र चालवलंस म्हणून पोर असं झालं, हे आत्या बत्तीस वर्षं ऐकवतेय आणि तू ऐकून घेतेस.

नव्या शर्टाची मानेपाशी टोचणारी पट्टी काढलीस ना? दादा घालतो का तो?

आत्याला सांगायची घाई नको. आधी तू स्वतःला सांग, मोठ्याने.

तुझीच,
धाकटी