मन मोकळं करण्याची खोली

४ ऑगस्ट
शाळेत मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं. आयटीवाले, बँकवाले यांच्यापेक्षा शिक्षक जास्त खचलेले असतात म्हणे. हसू आलं. इतकी वर्षं विश्रांतवाडीत भूगोल शिकवतोय, कधी खचलो नाही. मुख्याध्यापकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग शमशुद्दीन सर, समुपदेशन कक्ष तुम्हीच सांभाळा. योग्य निवड.

५ ऑगस्ट
नकाशांची खोली मिळाली. दारावर पाटी लावली: ‘मन मोकळं करा.’ संकल्प: रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बसायचं. स्टाफला गरज आहे.

८ ऑगस्ट
कोणी आलं नाही. लाजतात.

११ ऑगस्ट
जया मॅडम आल्या. स्टेपलर हवा होता. चेहऱ्यावर ताण स्पष्ट दिसत होता. फॉलोअप ठेवायचा.

१४ ऑगस्ट
बंगळुरूला अझीमला फोन केला. खरा ताण आयटीत. म्हटलं, बेटा, मन मोकळं कर. तो म्हणाला, अब्बा, मीटिंगमध्ये आहे, तुम्ही जेवलात का? बिचारा, स्वतःबद्दल बोलतच नाही.
जेवायचं राहिलंच होतं. अझीमची अम्मी, शकीला, आठवण करून द्यायची. ती गेल्यापासून स्वयंपाक फार सुटसुटीत झालाय. ब्रेड पुरतो.

१९ ऑगस्ट
सहावीत गोदावरीचा उगम सांगताना शब्दच सुचेना.   शेवटी एका मुलीने हळूच त्र्यंबकेश्वर म्हटलं. त्या वर्गात हवाच खेळत नाही. तक्रार करणार.

२१ ऑगस्ट
पहिली केस! विज्ञानाच्या हेमा मॅडम. म्हटलं, बोला, निःसंकोच बोला. त्या म्हणाल्या, सर, माझं काही नाही. तुम्ही शिपाई कुलूप लावेपर्यंत इथे बसून असता. घरी कोण असतं?
म्हटलं, शकीला असते.
मग दुरुस्त केलं. मग बोलतच राहिलो. घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. त्यांचा तास बुडाला. समुपदेशकाने इतकं बोलू नये.

२२ ऑगस्ट
हेमा मॅडमनी कर्वेनगरच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला होता. लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कोण? म्हटलं, आमच्या शाळेतले एक सर आहेत. वय विचारलं, सांगितलं. नाव विचारलं. माझंच सांगितलं.
सोमवारी संध्याकाळची वेळ मिळाली. सोबत घरचं कोणी येईल ना, असं तिने विचारलं.
म्हटलं, एकटाच येतो.