बाटल्यांतलं धुकं

सोमवार, ३ तारीख

अगं विसरभोळे, ही वही तूच दिलीस, एवढं तरी आठवतंय का? नव्या घरात आजीला करमणार नाही, रोज काहीतरी सांगत जा, आई लिहून घेईल, असं बजावलंस आणि स्वतःची छत्री इथेच टाकून गेलीस.

घर झकास आहे. तुझा बाप बोटीवर, म्हणून घोरण्याचाही त्रास नाही. स्वयंपाकघरामागच्या खोलीत आधीची भाडेकरू म्हातारी सात जुन्या बाटल्या ठेवून गेलीय. औषधाच्या, शाईच्या, एक अत्तराची. सगळ्या आतून दुधी, अगदी माझ्या मोतीबिंदूसारख्या. मालकीण म्हणाली, फेकून द्या. फेकते कशाला? घासून खिडकीत मांडीन.

तुझी आई लिहिता लिहिता गालात हसतेय. मला अक्षर ओळखता येत नाही, याचा या सूनबाईंनी बत्तीस वर्षं फायदा घेतलाय.

बुधवार, ५ तारीख

पहिली बाटली लख्ख झाली! मूठभर तांदूळ, कोमट पाणी, थोडा सिरका, वर बूच, आणि हात दुखेपर्यंत खळखळ खळखळ. तांदूळ काच घासतात. गंमत म्हणजे ओतलं तेव्हा पाणी नितळच होतं. एवढा मळ गेला कुठे, म्हणून मी मोरीत वाकून पाहिलं. तुझी आई म्हणाली, आता मोरी घासायला घेऊ नका म्हणजे मिळवली.

शुक्रवार, ७ तारीख

तीन झाल्या. आणि ऐक, आज मी स्वतः सुईत दोरा ओवला! तुझ्या आईच्या भांगातले पांढरे केसही दाखवून दिले. रागावली. वहीच्या रेघा फिकट छापल्यात, अशी तिची कुरकुर चाललीय. म्हटलं, वयाला मान द्या बाईसाहेब, चष्मा करा.

रविवार, ९ तारीख

पाच झाल्या. काल सकाळी तुझ्या आईने चहात मीठ घातलं. मी पोट धरून हसले. मग ती कप शोधायला टेबलावर हात फिरवू लागली, आणि माझं हसू थांबलं. कप समोरच होता.

तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं आलंय. लगेच दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असा तीन दिवसांत येत नाही, मंगळवारी पुन्हा या. माझे डोळे पाहून मात्र विचारलं, ऑपरेशन कुठे केलंत?

मी कुठे केलंय?

परत येताना जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला एक घासलेली बाटली दाखवली होती. ही आधी दुधी होती, राहिलेल्या अजून तशाच आहेत, म्हटलं. तो म्हणाला, तो मळ नव्हे आजी, काचेचा आजार आहे. काच आतून कुजते. ते धुऊन जात नाही, कुणाच्याच हातून नाही. तुमचं कसं गेलं ते मला शिकवा.

मी त्याच्या दारापर्यंत हसत होते.

सोमवार, १० तारीख

बाटल्यांना हात लावायचा नाही, ठरलं. धुकं परत आणायला पाचही बाटल्यांत फुंकून पाहिलं. दूध भरून ठेवलं. उन्हात, अंधारात. ओतलं की पुन्हा लख्ख. काही चिकटत नाही.

तुझी आई म्हणते, मनाचे खेळ आहेत तुमचे. उजवा डोळा झाकला की मात्र हात पुढे करून चाचपते.

मंगळवार, ११ तारीख, सकाळ

तुला विसरभोळी म्हणते आणि मीच — शनिवारी सहावीत तांदूळ आणि सिरका भिजत घातला होता. ओतायचा राहिला. तशीच धावले. खळखळवलंही नव्हतं, तरी लख्ख.

आतून तुझ्या आईने विचारलं, दिवे का घालवलेत?

ऊन पडलंय गं. खिडकी सताड उघडी —

दुपार

आता तिचा हात धरून मी ओळीवर ठेवते. मला दिसतं, तिला लिहिता येतं. दोघी मिळून एक बाई. अक्षर सरळ आहे की नाही ते तूच बघ. बघता आलं तर.

सातवीला कुणी हात लावलेला नाही. कोरडी आहे. तरी गळ्याकडून खाली निवळत चाललीय. घरात आता कुणाचा डोळा उरलाय? माझे तर —

मघाशी फोनवर म्हणालीस, बसचा नंबर धूसर दिसला, चष्मा विसरला असेल. हसलीस.

तू चष्मा कधी लावत होतीस?

घराबाहेर पडू नकोस. इथे तर मुळीच नको. मी सातवी चिंध्यांत गुंडाळून अंधारात ठेवतेय, बहुतेक थांबेल — नाही, चिंधीतूनही ती —

ही वही आमच्या शेजारणीबरोबर पाठवतेय, तिच्याच हाती डबा पाठव. कढत नको, काट्याचं नको. उकडलेली अंडी सोलून पाठव, आईला चाचपून खाता येतील. केळी. भात नको. तांदळाचा एक दाणासुद्धा या घरात —