सहाशे चौदा चुका आणि एक पाय

४ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
आत्याचा घसघशीत आशीर्वाद.

आज लिहायला बसले ती निव्वळ बढाई मारायला. वर्कशॉपमधला कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू होताना एक करडी चौकट दाखवायचा, की अमुक फाइल सापडत नाही. कुठली, तर तीन वर्षांपूर्वी भंगारात काढलेल्या प्रिंटरची! गेलेल्याची रोज उठून चौकशी. मी मुकाट्याने बटण दाबायची आणि दिवसाची पहिली शिवी तिथे खर्च करायची.

शेवटी शेजारच्या चष्मेवाल्याने एक सीडी आणून दिली. रजिस्ट्री साफ करणारं सॉफ्टवेअर आहे म्हणे. त्याने कॉम्प्युटर तपासून सहाशे चौदा चुका काढल्या. मी घाबरलेच. पण 'सगळ्या दुरुस्त करा' असं एक बटण होतं, ते दाबलं आणि दोन मिनिटांत काम फत्ते. चौकट गायब! आता तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरींचं कसं चालायचं, ही काळजी लागली आहे.

उद्या टपालवालीच्या नकली पायाचा साचा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरणी यंत्रावर घ्यायचा आहे. तिच्याबद्दल मागे लिहिलंच होतं. ट्रकखाली उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि वर्षभर ती टपाल निवडायच्या टेबलाशी बसून आहे. चोवीस तारखेला तिची चाचणी. भरलेली पिशवी घेऊन पूर्ण फेरी, तीन तासांत, सोबत सरकारी डॉक्टर. जमलं तर तिची फेरी तिला परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत ते टेबल. मी आधी हट्टाने हाताने घडवलेले तीन सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाट्या, तिच्या जखमेच्या व्रणावर घासले आणि फोड आले. यंत्र मोजून कोरतं, व्रणाभोवती केसाएवढी जागा सोडतं. या खेपेला चुकायचं नाही.

फोन करू नकोस. अठरा वर्षं हे यंत्र कानाशी घरघरलं, आता फोनमध्ये मला नुसती खरखर ऐकू येते. पत्रात तू छान ऐकू येतेस.

लोभ आहेच, तो टिकवायचं काम तुझं.
तुझी
आत्या


७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
भिंगरीचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून पहिल्या परिच्छेदाला हसले आणि दुसऱ्याला मटकन खाली बसले. आत्या, ती सीडी पुन्हा लावू नकोस. अगदी चष्मेवाल्याने शपथ घातली तरी.

नीट सांगते. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची पत्त्यांची वही. कुठला प्रोग्रॅम कुठे राहतो, कुठलं यंत्र कुठल्या वायरीवर आहे, त्याची मापं काय, सगळं तिच्यात. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याचा पत्ता वहीत राहून जातो. बहुतेक वेळा तो कुणाला त्रास देत नाही, पण कधी कधी तुझ्या त्या चौकटीसारखा रोज दारावर थाप मारतो. असा एखादा पत्ता खोडला तर फायदा आहे, आणि तो तुला मिळाला, हे मी मान्य करते. पण सहाशे खोडून कॉम्प्युटर पळायला लागतो हे मला काही दिसलेलं नाही. आणि हे सॉफ्टवेअर माणसासारखं विचार करत नाही. दार वाजवून उत्तर आलं नाही की घर रिकामं, असं धरून नाव खोडतं. चुकीचं नाव खोडलं तर तो प्रोग्रॅम जागीच बसतो, कधी कधी कॉम्प्युटर उघडतच नाही.

आमच्या हॉस्पिटलमध्येही साहेबांना हेच सॉफ्टवेअर चाळीस कॉम्प्युटरांवर चालवायचं आहे. मला पटत नाही, पण मी इथल्या कॉम्प्युटर विभागात लागून चारच महिने झालेत, म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसले.

सफाईआधी बॅकअप, म्हणजे जुन्या वहीची प्रत, घेतली होतीस ना? आणि तुझं यंत्र चालतं आहे ना? लगेच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,
आशीर्वाद, पण आज आवाज बसलेला आहे.

तुझं पत्र आज आलं. यंत्र पाच तारखेपासून बंद आहे. प्रोग्रॅम उघडतो आणि म्हणतो की कोरणी यंत्र सापडत नाही. समोर दोन हातांवर उभं आहे, माझ्या कपाटाएवढं, आणि याला सापडत नाही! चार दिवस मी वायरी काढल्या, लावल्या, पुसल्या. तुला लिहिलं नाही, कारण लाज वाटली.

बॅकअपचं विचारतेस. सॉफ्टवेअरने विचारलं होतं, पण जागा खातं म्हणून मी ती खूण स्वतःच्या हाताने काढली. ज्या कंपनीने यंत्र बनवलं ती कधीच बंद पडली. प्रोग्रॅमची मूळ सीडी तडकली आहे. विक्रेत्याला चिठ्ठी पाठवली, तर त्याचं उत्तर आलं की नवीन यंत्र घ्या, तीन महिन्यांत येईल. चष्मेवाला तर दाराशी उभा राहून रडवेला झाला होता. त्याला चहा पाजला. बटण मी दाबलं होतं, त्याने नाही.

टपालवालीला खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तिने शांतपणे विचारलं की हाताने होईल का. मी म्हटलं की होईल, पण माझे अंगठे आता आखडतात आणि चौथा फोड येणार नाही याची हमी देत नाही. ती म्हणाली की फोड आला तरी ती चालेल, फेरी पुरी करेल, मग पायाचं काय व्हायचं ते होवो. मला तेच नको आहे गं. कालपासून तिच्या पायाच्या मापाचं प्लॅस्टर हाताने घासायला घेतलं आहे.

आता रागाव, पण उपाय सांग.
तुझी खजील
आत्या


११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न., आणि लाज वाटणं आजपासून बंद.

काल रात्रभर नाही, पण दुपारच्या डब्याच्या वेळेत विचार करून डोकं पिकवलं. सफाई केलीस तेव्हा यंत्राचं बटण बंद असणार. वायरीच्या टोकाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून सॉफ्टवेअरने त्याचा पत्ता खोडला. प्रोग्रॅम शाबूत आहे, फक्त वहीतलं पान फाटलं आहे. आणि आत्या, त्या पानाची एक जुनी प्रत तुझ्या घरात आहे! पडदा फुटला म्हणून माळ्यावर टाकलेला पहिला कॉम्प्युटर. तू काहीच फेकत नाहीस म्हणून मी तुला इतकी वर्षं चिडवलं, ते सगळे शब्द मागे घेते.

तो खाली उतरवून नव्याचा पडदा त्याला जोड. सोबत सात चित्रं काढून पाठवते आहे. रजिस्ट्री कशी उघडायची, यंत्राचं नाव कसं शोधायचं, तेवढंच पान फ्लॉपीवर कसं उतरवायचं आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये कसं घालायचं. पण त्याआधी नव्या कॉम्प्युटरच्या वहीची आहे तशी पूर्ण प्रत काढायची. हे तिसरं चित्र, त्याला लाल चौकोन केला आहे. ते झाल्याशिवाय चौथ्याला हात लावलास तर बोलणार नाही तुझ्याशी. चित्रात नाही ते काहीही खोडू नकोस.

मी स्वतः यायला निघाले होते, साहेबांनी रजा नाकारली. त्या रागात धीर आला आणि सांगून टाकलं की चाळीस कॉम्प्युटरांआधी एकावर चालवून बघा, तेही प्रत काढून. साहेबांनी भुवया उचलल्या आहेत. बघू.

टपालवालीला माझा नमस्कार. तुझे अंगठे सांभाळ.
लोभात तूट नको,
भिंगरी


१६ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

यंत्र चाललं!

चष्मेवाल्याने माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला, धुळीने दोघांचे केस पांढरे. माझे होतेच म्हणा. कॉम्प्युटर भुंग्यासारखा गुणगुणत सुरू झाला. तुझी चित्रं भिंतीला चिकटवली आणि एकेकावर बोट ठेवत पुढे गेले. लाल चौकोनाशी चष्मेवाला म्हणाला की हे राहू दे, वेळ जातो. मी त्याला बोटाने कोपरा दाखवला. तो स्टुलावर जाऊन बसला.

पान घातलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, प्रोग्रॅम उघडला. तिकडे यंत्राचा हात आपोआप उचलला जाऊन जागेवर गेला. भिंगरी, मला तो आवाज छातीत ऐकू आला.

आता पुढचं ऐक, हे तुझ्या चित्रात नव्हतं. मी लगेच टपालवालीचा साचा लावला नाही. फोमचा एक टाकाऊ ठोकळा घेऊन नेहमीचा नमुना कोरला. पडद्यावर सगळं ठीक. पण हातात घेतला, अंगठा फिरवला आणि मन म्हणालं, जाड आहे. जाडी मोजायचा कॅलिपर लावला. सगळीकडून बरोबर एक मिलिमीटर जास्त. सॉकेट ढिलं झालं असतं, तिसऱ्या गल्लीत फोड आला असता. चष्मेवाला म्हणाला की एका मिलिमीटरने काय होतं. त्याला विचारलं की चष्म्याचा नंबर एकाने चुकला तर काय होतं.

अर्धा तास डोकं धरून बसले आणि उजेड पडला. पान जुन्या कॉम्प्युटरचं! तेव्हा यंत्राला बारा मिलिमीटर व्यासाची गोल पाती होती. पुढे मी दहाची बसवली. प्रोग्रॅम अजून बाराचीच समजून चहूकडून एक मिलिमीटर लांब राहून कोरत होता. मापांच्या पानावर जाऊन बाराचे दहा केले, तेही आधी प्रत काढून! दुसरा ठोकळा कोरला. अंगठा फिरवला. हुबेहूब.

टपालवालीचा साचा काल निघाला, आज त्यावर प्लॅस्टिक ओढलं. उद्या ती पहिल्यांदा घालेल. हाताने घासलेलं प्लॅस्टर कपाटावर ठेवून दिलं. वाईट नव्हतं, पण हे चांगलं आहे.

अंगठे बरे आहेत, गर्वाने ताठ आहेत.
तुझी
आत्या


१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. आणि एक कडकडीत सलाम.

बारा आणि दहाचं मला सात जन्मांत सुचलं नसतं. तुझं पत्र मी खुर्चीवर उभी राहून सगळ्या विभागाला वाचून दाखवलं.

इकडची बातमी. साहेबांनी ते सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालवलं. दोन जुन्या चौकटी गेल्या खऱ्या, पण एक्स-रे छापणारं यंत्र दिसेनासं झालं. प्रत होती, म्हणून दहा मिनिटांत जागेवर आणलं. साहेब म्हणाले की उरलेल्या एकोणचाळीसांना हात लावायचा नाही, त्रास देणारी नोंद तेवढी भिंगरीने एकेक बघून काढावी. हो, साहेबही भिंगरी म्हणायला लागले. तुझं पत्र वाचल्याचा परिणाम.

चोवीसला दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही. निकाल लगेच कळव.
तुझ्या कौतुकाने फुगलेली,
भिंगरी


२५ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
पोटभर आशीर्वाद.

पहिल्या ओळीतच सांगते, नाहीतर तू पत्र फाडून शेवट शोधशील. जिंकली!

सहा दिवस ती सकाळ-संध्याकाळ चालत होती. काल नऊ वाजता पोस्टाच्या दारातून निघाली. मागे डॉक्टर घड्याळ घेऊन, त्यांच्या मागे मी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, कुठे काही सैल झालं तर हाताशी असावं म्हणून. अकरा गल्ल्या आणि टेकडीवरच्या एकशे छत्तीस पायऱ्या. तिने कठड्याला हात लावला नाही. वर पोचल्यावर डॉक्टर कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले की दोन मिनिटं थांबू या. तिने विचारलं की ही दोन मिनिटं तिच्या वेळेत धरणार की त्यांच्या.

वाटेत लोक दारात येऊन उभे राहत होते. एका म्हातारीने पत्र हातात घेतलं, ते उघडायचं सोडून तिचा चेहराच बघत राहिली.

दोन तास एकेचाळीस मिनिटांनी शेवटचं दार झालं. डॉक्टरांनी तिथेच पिशवीवर कागद ठेवून सही केली. मी तिला पायरीवर बसवलं आणि आधी पाय काढून पाहिला. व्रणाभोवती, गुडघ्याखाली, सगळीकडे बोट फिरवलं. एकही लाल डाग नाही, भिंगरी. एकही नाही! मग मात्र मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने पाय परत चढवला, पट्टा आवळला आणि पिशवीत हात घालून म्हणाली की मागच्या गल्लीची तीन पत्रं चुकून या गठ्ठ्यात आली आहेत, ती टाकून येते. डॉक्टर म्हणाले की चाचणी संपली. ती म्हणाली की टपाल संपलेलं नाही.

मग डॉक्टर आणि मी बसने परत आलो. ती चालत आली.

लोभ ठेव, आणि प्रती काढत जा.
तुझी
आत्या