नकाशातला हिरवा तुकडा

प्रिय शीला,

फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा गोडगोड बोलले असते, म्हणून पत्र. तुझा नकाशा आमच्या आश्रमशाळेत पोचला. भूकंपाने सातपुड्यातला जो उतार घसरेल तो लाल, जो टिकेल तो हिरवा. बघताक्षणी कळतो, अगदी तुझ्यासारखा नीटनेटका. आंबापाड्याच्या देवराईलगतची सपाट जागा त्यात हिरवी आहे, म्हणून मुलींचं नवं वसतिगृह तिथेच बांधायचं ठरलंय. साठ मुलींचं.

मागच्या आठवड्यात शहाद्याच्या स्टँडवर तुझी आई भेटली. “मन्ही शीलानं नाव पेपरमां उनं, देखं का?” म्हणत धनुबाईंनी पिशवीतून कात्रण काढलं. मी ते आधीच चारदा वाचलं होतं गं. पोटात दुखत होतं, तरी त्यांना उसाचा रस पाजला. एम.ए.ला मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, हे त्या विसरल्या असतील, मी नाही विसरले. बाबा गेले आणि मी मिळाली ती नोकरी धरली. तू पुण्याला गेलीस. त्यात तुझी काहीच चूक नाही, आणि तेच जास्त झोंबतं. तू दुष्ट असतीस तर मला किती सोपं गेलं असतं!

दोन वर्षांपूर्वी तू तोरणमाळच्या पायथ्याशी पाहणीला आलीस, तेव्हा दहा दिवस मी तुझ्याबरोबर डोंगर चढले. तुला पावरी येत नव्हती. मी नवापूरची, माझीही ती बोली नाही, पण नऊ वर्षं इथल्या पोरींत राहून शिकले. तरी आपण उतरलो होतो त्या घरची कमलीबाई पहिली गरम भाकर तुझ्या ताटात टाकायची. आणि तुझ्या त्या भूपेश सरांना तू माझी ओळख करून दिलीस, ‘ही निर्मला, आमची दुभाषी.’ मैत्रीण म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?

त्याच दुपारी तू मला आंबापाड्याच्या म्हाताऱ्या मोगराबाईला विचारायला लावलंस, की या देवराईतली झाडं कोणी तोडत कसं नाही. म्हातारी बराच वेळ हातवारे करत बोलली. मी तुला एवढंच सांगितलं, की देवाची जागा आहे. तू वहीत लिहिलंस, जुनी दाट झाडी, उतार पक्का.

ती काय म्हणाली होती, ते आता ऐक. तिच्या सासूच्या काळात जमीन हलली, वरचा डोंगर घसरला आणि चार घरं माणसांसकट गाडली गेली. ती सपाट जागा म्हणजे तोच खाली आलेला डोंगर. म्हणून ती झाडीसकट देवाला सोडली. तिथे कोणी नांगर घालत नाही, कुडाची झोपडीसुद्धा बांधत नाही. मी रागात होते. दुभाषी म्हणालीस ना, मग घे दुभाष्याचं एक वाक्य, असं झालं मला.

पुढच्या सोमवारी पाया खणायला घेतायत. मोगराबाई अडवायला गेली तर साहेब लोक अंधश्रद्धा म्हणून हसले. मी बोलले तर नकाशावर बोट ठेवतात. तुझ्या शब्दाशिवाय हे थांबणार नाही. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, सगळ्यांसमोर माझं नाव सांग, पण सोमवारच्या आत ये. आणि हेही वाच. जागा ठरून दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी तुला कधीही कळवू शकले असते. शीलाचा नकाशा चुकलाय, या विचारानेच मला आतून बरं वाटत होतं. जूनपासून माझी बदली नवापूरला झालीय. माझ्या लेकीचं, काजलचं मात्र दहावीचं वर्ष, ती इथेच राहणार. काल नव्या वसतिगृहाची यादी लागली, त्यात तिचं नाव चौथं आहे. तेव्हा कुठे मी लिहायला बसले. बाकीच्या एकोणसाठ जणींची हजेरी रोज मीच घेते, शीला.

तुझीच,
निर्मला